काश्यप गोत्राच्या सिस्टर

गेलेल्या ननवर लेख आहे म्हणजे आता करुणेची मूर्ती येणार, मेणबत्ती येणार आणि शेवटी माझ्या डोळ्यांत पाणी, असं तुम्हाला वाटत असेल. तसलं काही होणार नाहीये. सिस्टर ब्रिजिट गेल्या हे कळलं तेव्हा मी कचौडी खात होतो, आणि ती मी संपवली. शाळेच्या जुन्या पोरांच्या ग्रुपवर ‘सिस्टर नहीं रहीं’ असा मेसेज आला. त्याखाली कुणीतरी घाईत अंगठासुद्धा टाकला. मला रडू नाही आलं... त्यांचा आवाज आला कानात. वाक्याच्या शेवटी वर चढणारा, थेट वसईचा.

आम्ही बनारसचे मराठी. बाबा भोसले घाटावर महाराष्ट्रातून आलेल्या लोकांची श्राद्धं करवतात. शाळा मात्र मिशनची, पाचवीपर्यंत, घरापासून चालत दहा मिनिटं. सिस्टर तिथल्या हेडमिस्ट्रेस. अख्ख्या शाळेत त्यांना मराठी बोलायला मी एकटाच, त्यामुळे बाकीच्यांना हिंदीत रागवायच्या आणि मला दोन्ही भाषांत. तिसरीत असताना मी बाथरूममधून त्यांच्या आवाजात ‘कौन दौड़ रहा है?’ असं ओरडलो तर सगळा व्हरांडा जागच्या जागी थिजला. चपराशानं तोंडातलं पानसुद्धा गिळलं. सिस्टर मागेच उभ्या होत्या. मला वाटलं, आता शाळेतून नाव कटणार. पण त्याच हिवाळ्यात त्यांचा घसा बसला, तेव्हा चार दिवस त्यांनी मलाच बोलावलं. त्या नुसतं बोट दाखवायच्या आणि मी गरजायचो.

मी चौथीत असताना आई गेली. पावसाळ्यात. नोव्हेंबर महिना सिस्टरांच्या लोकांत गेलेल्यांचा असतो. म्हणजे आपला पितृपक्षच, फक्त तीळ नाहीत. घरातल्या गेलेल्या माणसांची नावं चिठ्ठीवर लिहून पाकिटात घालतात, पाकीट वेदीपाशी ठेवतात आणि प्रार्थनेत ती नावं वाचतात. माझ्या वर्गातली अनिता मला म्हणाली, “तेरी मम्मी का नाम भी पढ़ा गया. सिस्टर ने लिखा था.” मला कसलं भारी वाटलं! घरी जेवताना मी ते त्यांच्याच आवाजात म्हणूनही दाखवलं, आईचं पूर्ण नाव. बाबांचा हात ताटातच थांबला.

दुसऱ्या दिवशी ते घाटावरून तसेच ओल्या धोतरानं शाळेत आले. ऑफिसच्या दाराशी मी होतोच.

“माझ्या बायकोचं सगळं मी केलंय. तुमच्या यादीत तिचं नाव कशाला?”

“गुरुजी, आठवण काढली फक्त.”

“आठवण काढायला तिचं घर आहे. पोराला शिकवायला ठेवलंय तुमच्याकडे, बाटवायला नाही.”

सिस्टर वळल्या. आत गेल्या, पाकिटातून ती एक चिठ्ठी शोधून आणली आणि दोन्ही हातांनी बाबांना दिली. बाबांनी ती कनवटीला लावली. बस. त्यानंतर चौदा वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. गणपतीत बाबा मोदकांचा डबा माझ्या हातात द्यायचे, “शाळेत दे,” एवढंच म्हणायचे, कुणाला ते नाही. नाताळात उलट केकचा डबा यायचा. सिस्टर सांगायच्या, “अंडं नाही म्हणावं.” बाबा म्हणायचे, “ठेव तिकडे.” सकाळी केक थोडा कमी झालेला असायचा, आणि आमच्या घरात मांजर नाही.

यंदा जूनमध्ये मी सिस्टरना भेटलो ते शेवटचं. कॉन्व्हेंटच्या ओसरीवर खुर्ची टाकून बसल्या होत्या, पार सुकलेल्या. “गुरुजी रागावलेत का रे अजून?” असं विचारलं त्यांनी. मी घरी येऊन सांगितलं. बाबा बराच वेळ पंच्याच्या घड्या घालत बसले, मग म्हणाले, “एकदा जाऊन यायला हवं.” मग गंगा चढली, यजमान आले, गुडघा धरला... आणि तो मेसेज आला. दफनालाही बाबा आले नाहीत.

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी मला म्हणाले, “त्यांच्या वडिलांचं नाव काय?”

“कुणाच्या?”

“गाढवा, कुणाच्या म्हणजे? आणि गोत्र असेल तर तेही विचारून ये.”

गेलो. कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकीण आशादीदी पोट धरून हसल्या. “अरे भइया, हम लोग में गोत्र कहाँ? पैरिश, मतलब कौन सा चर्च, वो पूछो तो बता दें!” वडिलांचं नाव अंतोन, हे मात्र मिळालं. बाबा म्हणाले, “गोत्र ठाऊक नसलं की काश्यप. आणि शिकवणाऱ्या माणसाला तर्पण चालतं, शास्त्रात आहे.” मी काही विचारलंच नव्हतं.

सकाळी पूर ओसरलेल्या पायरीवर, गाळात पाय रोवून त्यांनी आजोबा-पणजोबा झाल्यावर सिस्टरांचं नाव घेतलं. चाळीस वर्षं घडाघडा मंत्र म्हणणारा माणूस ‘ब्रिजिट’वर दोनदा अडखळला. तीळपाणी सोडून झालं तरी ओंजळ तशीच. मग मराठीत, हळू, पाण्याकडे बघून म्हणाले, “तेव्हा मी फार बोललो. चुकलं माझं.” आणि थांबले. खरंच थांबले, कुणी उत्तर देणार असल्यासारखे.

मला ते बघवेना. काय झालं ठाऊक नाही, तोंडातून सिस्टरांचा आवाज निघाला, अगदी हुबेहूब, शेवटी वर चढणारा: “असू दे हो गुरुजी. मीच आधी विचारायला हवं होतं.”

बाबांचा चेहरा क्षणभर इतका मोकळा झाला की मला वाटलं, जमलं. मग त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं.

“लाज नाही वाटत? माफी मी मागतोय, ती द्यायची त्यांनी. तू कोण परस्पर देऊन टाकणारा? त्या ‘नाही’ म्हणाल्या असत्या तर? तोही त्यांचा हक्क होता ना? चौदा वर्षं दहा मिनिटांवर होत्या, मी गेलो नाही. आता उत्तर नाही मिळणार. नाही मिळालं, तर तसंच राहू दे माझ्याकडे. चल, पाय धू.”