डाव्या हाताचा अर्थ

देवयानीताईंचा डावा हात कोपरातून पूर्ण सरळ होत नाही. सियालदहजवळच्या एका कॉलेजात त्या धर्मांचा इतिहास शिकवतात. खडू उजव्या हातात, डावा पोटाशी. विद्यार्थ्यांना वाटतं, बाईंची लकब. लकब कसली? बापाने मोडलेला हात आहे तो. मला हे गुळमुळीत सांगता येत नाही.

अरुणराव बँकेत अधिकारी. बदलीवर कोलकात्याला आले आणि बागबाजारात कायमचे राहिले. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीचं ताट त्यांच्याच हाती असायचं. घरी त्याच हातात कमरेचा पट्टा. ताई अकरा वर्षांच्या असताना दूध उतू गेलं म्हणून त्यांनी पोरीला दंडाला धरून स्वयंपाकघरातल्या पाट्यावर आपटलं. एकदा नव्हे, हाड मोडेपर्यंत. दात ओठातून आरपार गेला, पाटा रक्ताने माखला. डॉक्टरांना सांगितलं, जिन्यावरून पडली. मग घरी येऊन त्यांनी डायरीत एक ओळ लिहिली: ‘आज देवूला शिस्त लावली.’

गेल्या वर्षी अरुणराव गेले. वर्षश्राद्धाला स्मरणिका काढायची आमच्या मंडळात रीत आहे, आणि सगळ्या स्मरणिका मीच जुळवते. ताईंचा धाकटा भाऊ सुमित बराकपूरहून डायऱ्यांची पिशवी आणि स्वतःचा लेख घेऊन माझ्या घरी आला. ताईही आल्या होत्या. लेखात त्याने ती ओळ घेतली होती आणि पुढे लिहिलं होतं की, ताई प्राध्यापक होणार हे बाबांनी तेव्हाच ओळखलं होतं, त्या शिस्तीतच आजच्या यशाची चाहूल होती. वाचून माझं डोकंच फिरलं.

ताई मात्र वर्गात बोलतात तशा बोलू लागल्या. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी ज्यूंचे जुने ग्रंथ टाकले नाहीत, उलट टाका म्हणणाऱ्यालाच बाहेर काढलं. पण वाचले ते आपल्या येशूपासून मागे जात, जुन्या गोष्टींत त्याचीच चाहूल शोधत. जुन्या कथेत बाप मुलाचा बळी द्यायला निघतो आणि मुलगा स्वतःच लाकडं वाहून नेतो. यांना त्यात क्रूस वाहणारा येशू दिसला. एका स्तोत्रात शहर बेचिराख झालेले, कैद करून नेलेले ज्यू लोक संतापाने म्हणतात, शत्रूची तान्ही मुलं खडकावर आपटणारा धन्य. तिसऱ्या शतकातल्या एका ख्रिस्ती पंडिताने अर्थ लावला, ती मुलं म्हणजे मनात नुकतेच जन्मलेले वाईट विचार, आणि खडक म्हणजे ख्रिस्त.

"अर्थ सुंदर आहे," ताई म्हणाल्या. "कितीतरी लोकांना त्याचा आधार झाला असेल. पण ज्यूही त्या ओळी वाचत राहिले, आणि त्यांच्यासाठी तो आपल्याच माणसांचा आकांत राहिला. माझा पाटा पाटाच राहू दे, सुमित."

सुमित भडकला. मेलेल्या बापाची अब्रू चव्हाट्यावर आणतेस, म्हणाला. ताईंनी लेखाची पानं ओढली तशी त्याने त्यांचा डावा हात धरून पिरगाळला, आणि त्या कळवळल्या तर दुसऱ्या हाताने थोबाडीत मारली. चष्मा भिंतीवर आपटून फुटला. ओठ फाटला, रक्त त्याच्या लेखावर ठिबकलं. मी ओट्यावरचं लाटणं उचललं ते मारायलाच, खोटं कशाला बोलू?

ताईंनी मला अडवलं. ओठाला पदर लावून त्या भावाला म्हणाल्या, "आता हेही लिही. यातून माझं पुढे काय भलं होणार, तेही लिही."

सुमित आपल्या हाताकडे बघत राहिला आणि डायऱ्या, लेख तिथेच टाकून निघून गेला.

मी त्या डायऱ्याच केरात टाकायला निघाले होते. ताई म्हणाल्या, टाकायचं काही नाही. स्मरणिकेच्या एका पानावर अरुणरावांची ती ओळ घेऊन तिच्याखाली त्यांनी मला तीन वाक्यं लिहायला सांगितली: ‘त्या दिवशी माझा हात मोडला. मी अकरा वर्षांची होते. दूध उतू गेलं होतं.’ शेजारच्या पानावर सुमितचा लेख तसाच लावायला सांगितला आणि दोन्ही पानं त्याच्याकडे तपासायला पाठवायला लावली.

चार दिवसांनी पानं परत आली. आपल्या लेखावर सुमितने आडवी रेघ मारली होती. ताईंच्या वाक्यांखाली त्याच्या अक्षरात भर होती: ‘मी सात वर्षांचा होतो. बाबांनी सांगितलं म्हणून स्टुलावर चढून दाराला कडी मी लावली. आई दाराबाहेर होती.’