चकत्या तपासणारे साहेब

आम्ही बायका कारखान्याच्या गच्चीवर केळ्याच्या चकत्या वाळवायचो. बागेत फवारलेलं औषध चकत्यांत उतरलंय का, ते तपासायला एक साहेब अधूनमधून येत. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. ते चकतीला हात लावत नसत. चिमट्याने उचलून बाटलीत टाकत आणि लावलेलं झाकण पुन्हा आवळत.

आमच्यातली शेवंता त्यांना चिडवायची, "सायेब, एक तर खावा की! का बायकोनं शपथ घातलीया?"

ते हसत, पण खात नसत. ते खात नाहीत याचीच मला भीती वाटे. मोडक्या चकत्या आम्हीच खायचो, आणि मला दिवस गेले होते.

एकदा ते चकत्या पसरलेल्या चटईपाशी थबकले. "ही पांढरी रेघ कसली?"

"मुंग्यांची पावडर की," शेवंता म्हणाली. "रोज घालतो. एक मुंगी फिरकत न्हाय बगा."

वाऱ्याने ती पावडर चकत्यांवर उडाली होती. साहेब वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "मोडका माल कोण खातं?"

शेवंताने माझ्याकडे पाहिलं. त्यांची नजर माझ्या पोटावर आली आणि चटकन बाजूला झाली. त्यांनी ती चटई चकत्यांसकट स्वतःच्या हातांनी गुंडाळली.

मी कधी त्यांच्याशी बोलले नव्हते. त्या दिवशी विचारलं, "सायेब, बाळाला काय व्हईल?"

त्यांनी हातातल्या बाटलीचं झाकण पुन्हा आवळलं.

"मला चकतीतलंच औषध कळतं, ताई," ते म्हणाले. "माणसातलं नाही."