जिब्राल्टरमध्ये आई सापडेना तेव्हा

मंडळी, आत्ताच जहाजावर परत आलेय. आल्याआल्या हे लिहायला बसलेय.

बाबा गेल्यापासून आई अगदी गप्प झालीय. जरा बदल म्हणून तिला साउथहॅम्प्टनहून क्रूझवर घेऊन आले. आज दिवसभरासाठी जिब्राल्टरला उतरलो. एका दुकानात मी गॉगल लावून बघत होते, मागे वळले तर आई गायब! तिच्याकडे फोन नाही, इंग्लिश जेमतेम, आणि जहाज संध्याकाळी सुटणार.

तो अख्खा रस्ता मी दोनदा पालथा घातला. पोलिसालाही सांगितलं. शेवटी एका सिंधी बाईंच्या कापडाच्या दुकानातून ओळखीचा आवाज आला. आई स्टुलावर बसून चहा पीत होती आणि त्यांना सांगत होती, "हमारे ये खुद डॉक्टर, लेकिन चाय में साखर कितनी डालते थे, पूछो मत!"

आणि चक्क हसत होती.

बाबांबद्दल ती आमच्यापाशी आजवर एक शब्द बोललेली नाही.

मी रडतच आत शिरले. आई म्हणाली, "अगं, रडतेस काय? बस, चहा घे."

रागवायचं राहूनच गेलं. मी बसले आणि बाबांच्या गोष्टी ऐकल्या.

तुमचे आईवडील मनातलं तुमच्याशी बोलतात का हो?