दुसऱ्याच्या रेघा

देवराव हटवारांचा हात भिलाईच्या ड्रॉइंग ऑफिसात नावाजलेला होता. बाप आंधळगावचा विणकर. मागावर धागा मोजता मोजता पोराची नजर बारीक झाली असावी, असं लोक म्हणत. मे महिन्यात, पंखे गरम वारा फिरवत असताना, मनगटाखाली रुमाल धरून ते शाईची रेघ ओढत, ती या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी. घामाचा एक थेंब पडला तर ट्रेसिंगचं कापड फुगतं आणि आठ दिवसांचं काम जातं. देवरावांच्या हातून सहा वर्षांत एकही कापड वाया गेलं नव्हतं.

ते सत्तावन्न साली आले, तेव्हा कारखान्याच्या जागी मुरमाचा माळ होता आणि माळावर खांब. रशियाहून पेट्या भरभरून ड्रॉइंगं येत. दुभाषे त्यावरचा मजकूर इंग्रजीत करीत आणि ट्रेसर ती सगळी चित्रं नव्या कापडावर जशीच्या तशी उतरवून काढीत. देवराव ट्रेसर. मॅट्रिक पास, ड्रॉइंगच्या दोन परीक्षा दिलेल्या. चार वर्षांत आपण ड्राफ्ट्समन होऊ, स्वतःच्या डोक्यानं काहीतरी काढू, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. पण ड्राफ्ट्समनला डिप्लोमा लागतो, हा नियम होता. एकसष्ट साली बढतीची यादी लागली, बासष्टला लागली, त्रेसष्टलाही लागली; देवरावांचं नाव एकीतही नव्हतं.

त्रेसष्टच्या यादीत अरुणकुमारचं नाव होतं. नागपूरहून डिप्लोमा करून आलेला हा मुलगा तीन वर्षं शेजारच्या टेबलावर बसला होता. पेन किती तिरकं धरायचं, शाई कोपऱ्यात साचू नये म्हणून रेघ कुठून सुरू करायची, हे त्याला देवरावांनीच शिकवलं होतं. आता देवरावांचं काम तपासायला त्याच्याकडे जाऊ लागलं. तो बिचारा लाल पेन्सिल उचलताना खाली मान घालायचा.

"हटवारजी, इथं एक आकडा... बस, जरासा. बाकी सब बढिया आहे."

"चूक असन तर चूक म्हना," देवराव म्हणत.

त्यानं उर्मटपणा केला असता तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.

सेक्टर एकच्या क्वार्टरमध्ये देवराव हळूहळू मुके होत गेले. आधी ते घरी आल्यावर कलावतीला, म्हणजे बायकोला, दिवसभराचं सगळं सांगत. रशियन साहेबानं लिंबाचं लोणचं कसं चाटून खाल्लं, कोणाच्या बुशकोटावर शाईची बाटली सांडली. आता सायकल भिंतीला लावायची, पाय धुवायचे आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडायचं.

एकदा कलावतीनं विचारलं, "आंगात बरं नाई का?"

"आंगाले काय धाड भरली? मी माणूस नाई, कलावती. मी कार्बनचा कागद हाओ. वरून कोणीतरी लिवते, खाली मी उमटतो."

कलावती शाळेत गेलेली नव्हती. कार्बनचा कागद काय असतो ते तिला ठाऊक नव्हतं, पण नवऱ्याचा आवाज तिनं ओळखला. ती उठली आणि त्यांच्या पायथ्याशी बसून राहिली. मग ती म्हणाली, "नोकरी सोडाची असन तर सोडा. मी गावी मागावर बसीन. पन असं भिताडाकडं पाहू नोका."

नोकरी सोडणं देवरावांच्या मनात येऊन गेलं होतं. सोडून जायचं कुठं, हे मात्र सुचत नव्हतं.

अशाच एका रविवारी सकाळी तेजराम आला. तो कलावतीच्या माहेरकडचा, तुमसरजवळच्या गावचा. खुर्सीपारला राहायचा आणि कारखान्यात खलासी होता. लोखंडाचे अवजड खांब, तुळया दोरखंडानं वर चढवून जागेवर बसवायच्या, हे खलाशाचं काम. छातीनं दणकट, बोलायला भिडस्त. त्यानं बनियनच्या आतून घडी केलेला एक निळा कागद, कुठल्याशा ड्रॉइंगची छापील प्रत, काढला.

"जावईबापू, हे रद्दीत फेकलेलं व्हतं. मले वाचाले शिकवा."

"तुले कावून?"

"फिटरची परीक्षा देऊन राहिलो. हात चालते माहा, पन ते ड्रॉइंग समोर ठेवतात आन् इचारतात, हे काय हाय. मले नुसत्या रेघा दिसते. परवा एक ब्रॅकेट उलटी चढवली, तं फोरमननं सगळ्यांसमोर मायबाप काढले."

देवरावांनी नाखुशीनंच कागद पसरला. हा वरून दिसणारा भाग, हा समोरून, हा सेक्शन, म्हणजे मधून कापल्यावर आतून जसं दिसेल तसं. तेजराम मान डोलवत होता आणि त्याच्या कपाळावर घाम येत होता.

"कापल्यावर म्हंजे? लोखंड कोनं कापलं?"

"कोणी कापलं नाई रे! कापलं असं धराचं."

"पन कापलंच नाई तं आतलं कसं दिसन?"

तीनदा सांगून झालं. चौथ्यांदा देवरावांचा आवाज चढला. "नाई जमाचं तुले. जाय, खलासीच राह्य!"

बोलून गेले आणि स्वतःच चपापले. तेजराम कागदाची घडी घालू लागला. मोठ्या बोटांनी, हळूहळू, जुन्या घडीवरच नवी घडी.

कलावती स्वयंपाकघराच्या दारात विळीवर बसली होती. समोर कोहळं होतं, भाजीसाठी आणलेलं. तिनं ते विळीवर धरलं, मधोमध दोन फाका केल्या आणि एक फाक उचलून तेजरामसमोर धरली.

"हे असंच का वो? वरून पाह्यलं तं गोल. कापलं तं आत पोकळी, बिया, आन् ही जाड साल."

तेजरामनं फाक हातात घेतली. कागदाकडे पाहिलं, फाकेकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे. मग तिरप्या बारीक रेघांच्या पट्ट्यावर बोट ठेवून तो जवळजवळ ओरडलाच, "ही साल हाय! म्हंजे हे लोखंड, आन् हे मधातलं पोकळ! बापा, हा तं पाइप हाय!"

देवराव हसले. कित्येक महिन्यांनी हसले, आणि ते कलावतीनंही पाहिलं. त्या दिवशी दोन वांगी, एक मुळा आणि अर्धा दुधी कापला गेला. जेवायला तेजराम तिथंच थांबला. जेवताना त्यानं सहज विचारलं, "जावईबापू, नव्या शेडच्या खांबाचं ड्रॉइंग तुमीच काढलं ना?"

"काढलं नाई. उतरवलं."

"तेच. चौऱ्याऐंशी खांब. मीच चढवले. तुमी पाह्यले का?"

देवरावांनी पाहिले नव्हते. सहा वर्षं ते फाटकातून आत येत, ड्रॉइंग ऑफिसचा जिना चढत आणि पाच वाजता उतरत. साइटवर त्यांचं काही काम नसे.

पुढच्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत तेजराम त्यांना घेऊन गेला. शेडला अजून छप्पर नव्हतं. खांबांच्या दोन रांगा उन्हात उभ्या होत्या, टोकाकडे पाहायला मान पार मागे टाकावी लागे. देवराव एका खांबाजवळ थांबले. ब्रॅकेट, तिच्यातली आठ भोकं, भोकाभोकांतलं अंतर. हा कोपरा उतरवायला त्यांना दीड दिवस लागला होता. आठव्या भोकाशी शाई फाकता फाकता राहिली होती. त्यांनी हात लावला. लोखंड तापलेलं होतं, चटकन काढून घेतला, मग रुमाल गुंडाळून पुन्हा लावला.

"तुमच्या आकड्यात सुताचाही फरक नाई," तेजराम म्हणाला. "एकेक बोल्ट आपसूक बसला. नाईतर आमाले वर लटकून भोकं मोठी करा लागते. पोरं म्हनत, ड्रॉइंग उतरवनारा कोनी पक्का मानूस हाय."

देवरावांनी हाताचा रुमाल सोडवून त्याची घडी घातली. डोळे चुरचुरले. परत येताना ते एवढंच म्हणाले, "ऊन लय हाय."

रविवारची शिकवणी वाढत गेली. तेजरामनं पुंडलिकला आणलं, पुंडलिकनं दोन वेल्डर आणले, जामुलहून एक जण सायकलीवर येऊ लागला. क्वार्टरच्या व्हरांड्यात सतरंजी पडे. देवराव मराठीत सुरू करीत आणि अर्ध्यातच हिंदीत जात, कारण वेल्डर छत्तीसगढी होते. भाजी कापण्याचं काम कलावतीचं. तेजराम परीक्षा पास झाला, त्या दिवशी पेढे घेऊन आला आणि आधी कलावतीच्या पाया पडला.

देवराव ड्राफ्ट्समन झाले नाहीत. चौसष्टची यादी लागली, त्या दिवशी त्यांनी डबा तसाच परत आणला. ती बोच गेली नाही, आणि गेली असं सोंगही त्यांनी आणलं नाही. यादीच्या आठवड्यात ते जरा चिडके असत, हे वर्गातल्या लोकांना कळून चुकलं होतं. त्या रविवारी कोणी फार प्रश्न विचारत नसे. अरुणकुमारला एका संध्याकाळी त्यांनी आपण होऊन चहाला बोलावलं. "तुझी काही चूक नोहती," म्हणाले. त्यानं आणखी एक कप मागून घेतला.

पासष्टच्या हिवाळ्यात वर्गाला सरावासाठी म्हणून त्यांनी एक ड्रॉइंग केलं. कोणाचं उतरवलेलं नव्हे. टेप घेऊन स्वतःच्याच क्वार्टरची मापं घेतली आणि दोन दिवस बसून नकाशा काढला: खोल्या, व्हरांडा, चूल, मोरी. शाई वाळायला तो बाजेवर पसरून ठेवला होता. कलावती कपडे वाळत घालून आली, वाकली आणि बोट न टेकवता कापडावरून फिरवू लागली.

"ही बैठक. इथून आत आलं की रांधनी. ही मोरी." मग बोट थांबलं. "आयका, हे दार चुकलं."

"कोनतं?"

"मोरीचं. ते भाईर उघडते. तुमी आत उघडलं. आत उघडाले जागाच नाई तथी, घंगाळ हाय ना."

देवराव उठून मोरीपर्यंत गेले. दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. परत येऊन त्यांनी ब्लेड घेतलं आणि दार कुठं उघडतं ते दाखवणारी कापडावरची ती इवलीशी कमान अलगद खरवडू लागले. कलावती शेजारी उभी राहून, त्यांच्या खांद्यावरून, नीट पाहत होती.