स्वतःच्या शब्दांत लिहा

अमिषा पाचवीत असताना मिठागरांच्या काठावरच्या तिच्या शाळेत तीस टॅब्लेट आले. आता शिकवण्याचे काम यंत्र करणार, या हिशेबाने दोन शिक्षकांपैकी एकाची बदली झाली आणि निबंधाच्या वह्या कपाटात गेल्या. प्रश्नाखाली चार उत्तरे असत. योग्य उत्तरावर बोट ठेवले की टाळ्या वाजत. अमिषाला इतक्या टाळ्या मिळाल्या की पुढाऱ्यांनी तिच्याबरोबर फोटो काढून घेतले. दोन पावसाळ्यांत खाऱ्या हवेने टॅब्लेट निकामी झाले. बदलून गेलेला शिक्षक मात्र परत आला नाही. पुढे मोबाइल आला, कॉलेज आले. चार उत्तरे तेवढी कायम राहिली; लिहायची उत्तरे ती गाइडमधून पाठ करी.

एकविसाव्या वर्षी ती न्हावा शेव्याजवळच्या एका कंटेनर यार्डात नोकरीच्या परीक्षेला गेली. जागा एकच होती. दुसरा उमेदवार यशोधन, बागायतदाराचा मुलगा. सुपरवायझर विनेशने दोघांना एका रिकाम्या कंटेनरपुढे उभे केले.

"नुकसान काय, कशाने झालं, आठ ओळींत लिहा. मराठीत चालेल. मला विमा कंपनीला अहवाल आजच पाठवायचाय."

तळाच्या फळ्यांवरच्या पांढऱ्या रेघा पाहताच मिठागरात वाढलेल्या अमिषाला सारे उमगले. तिने कागदावर लिहिले : मीठ. दार. पाणी. आणि पेन थांबले. कशाला काय जोडायचे, आधी काय घ्यायचे, ते तिच्याकडून कधी कुणी करवूनच घेतले नव्हते.

"काय गो बाय, कागद कोराच?" विनेशने विचारले.

"साहेब, पाणी पावसाचा न्हाय, दर्याचा हाय. पावसाचा असता तं छताला डाग दिसला असता. मीठ खालशी चढलाय. दाराचा रबर फाटलाय, बघा."

"अगो, मग हेच लिही ना!"

"असा लिवता न्हाय येत."

"बारावीला किती होते?"

"एकोणनव्वद टक्के."

विनेश हसला. यशोधनच्या कागदावर सुबक आठ ओळी होत्या, पण त्यांत पावसाचे पाणी होते. "हिचं ऐक आणि पुन्हा लिही," विनेश त्याला म्हणाला.

अमिषा सांगत गेली, यशोधन लिहीत गेला. "माझी आई रोज एक पान लिहून घ्यायची," तो ओशाळून पुटपुटला आणि त्याने खाली सही केली.

"तू सोमवारपासून ये," विनेश त्याला म्हणाला. मग अमिषाकडे वळला. "नजर तुझी चांगली हाय, बाय. पण विमावाल्यांना कागद लागतो."

फाटकाबाहेर येते तोच तिच्या बापाचा, हिरामणचा, फोन आला. "काय इचारला गो? कठीन होता?"

"न्हाय, बाबा. सगला येत होता," ती म्हणाली आणि तिने फोन बंद केला.