चाळीस सालातल्या दोन पाच एप्रिल

२७ मार्च १४४० रोजी ईस्टर होता आणि पुढचा १६ एप्रिल १४४१ ला आला. याबद्दल वाद नाही. आमच्या फ्लँडर्समध्ये तेव्हा साल ईस्टरला बदलत असे. त्यामुळे चाळीस साल लांबले आणि त्यात पाच एप्रिल दोनदा आली. लेखनिक अशा तारखेपुढे ‘ईस्टरनंतर’ किंवा ‘ईस्टरपूर्वी’ असे लिहीत. लेये नदीकाठच्या आमच्या गावच्या लेखनिकाने एकदा ते लिहिले नाही.

आवेझूते नावाची बाई वाम जातीचे मासे विकायची. आदल्या शरदात ती भर बाजारात तपासनिसाला म्हणाली, “याला माशाचा वास कळत नाही, लाचेचा बरोबर कळतो.” शिक्षा झाली: ५ एप्रिल १४४० पर्यंत हद्दपारी. तिचे घर वेशीच्या आत पुलापलीकडेच, वेशीतून दिसणारे. तिथे आई अंथरुणाला खिळलेली.

ईस्टर होऊन आठवडा उलटल्यावर, पाच एप्रिलच्या सकाळी, ती वेशीवर आली. पुढचे बोलणे पहारेकरी वाउटरच्या जबानीत आहे. स्वतःची बाजू सावरण्यासाठी त्याने ते जरा मवाळ केले असावे.

“मावशी, तारीख बरोबर आहे. पण या सालात पाच एप्रिल दोन आहेत. तुझी कुठली, ते लिहिलेलं नाही.”

“आज पहिली आली ना? मग सोड.”

“आणि त्यांना दुसरी म्हणायची असली तर?”

“तर तेव्हा बाहेर जाऊन परत येईन. पुन्हा सोड.”

“माझी नोकरी जाईल.”

“मग लिहिणाऱ्याला विचार.”

“तो ब्रुगेला गेला. न्यायाधीश म्हणतात, त्याच्या मनात काय होतं ते तोच सांगेल.”

“अरे लेका, मी एकदाच बोलले होते. शिक्षा दोनदा कशी?”

तिने न्यायाधीशांकडे अर्ज धाडला. अर्ज आहे, निकाल सापडत नाही. आईचे दफन त्याच सालात सेंट मार्टिनच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, १२ नोव्हेंबरला झाले. ही तारीख तरी निःसंदिग्ध आहे, कारण चाळीस सालात नोव्हेंबर एकच होता.

वेशीवरच्या सुट्या पानांत एक ओळ मिळते: ‘आवेझूते आत आली, ५ एप्रिल १४४०.’ ईस्टरचा उल्लेख इथेही नाही. पान कुठल्या वहीतले, तेही ठरवता येत नाही. तिला त्याच संध्याकाळी सोडले की वर्षभराने, आणि म्हणून आईची भेट झाली की नाही, हे अद्याप माहीत नाही.