तात्यांना आधी शाल घातली

तात्या रानाच्या कडेला उकिडवे बसले होते आणि त्यांच्या हातात काडीपेटी होती. मी बांधावर उभा होतो आणि माझ्या हातात काहीच नव्हतं.

"तात्या, दोन मिनिटं थांबा," मी म्हणालो.

"थांबून काय व्हतंय सायेब? अकराला पावणे येत्यात. तंवर राख थंड झाली पायजे. तुमी जरा त्या अंगाला सरका, वारं तुमच्याकडं हाय."

आमच्या भागातला माणूस किती सज्जन, पाहा. आग लावणार, पण धूर तुमच्या डोळ्यांत जाऊ नये ही काळजी आधी घेणार.

मी एका साखर कारखान्याचा शेतकी अधिकारी. साखर पांढरी करायचं काम आतले लोक करतात. ऊस हिरवा ठेवायचं काम माझं. इंदापूर आणि बारामती या दोन तालुक्यांतले बांध मी इतके तुडवलेत की वाटेतली कुत्री माझ्यावर भुंकायची बंद झालीत. ही गोष्ट घडली लासुर्ण्याहून अंथुर्ण्याकडे जाताना लागणाऱ्या एका वस्तीवर. वस्तीचं नाव सांगत नाही. तात्यांनी शपथ घातली आहे.

ज्यांचा उसाशी संबंध फक्त रसवंतीपुरता येतो त्यांच्यासाठी सांगतो. ऊस तोडून नेला की रानात वाळका पाला राहतो, गुडघाभर थराचा. ते पाचट. शेतकरी ते पेटवून देतो. पेटवलं की धूर होतो, रस्त्यावरच्या गाड्यांना समोरचं दिसेनासं होतं, कधी शेजाऱ्याचा उभा ऊसही आगीत सापडतो आणि जमिनीतला जीव भाजून निघतो. तेच पाचट यंत्राने बारीक करून सरीत कुजवलं तर त्याचं खत होतं, ओल टिकते, आणि बुडख्यांतून पुन्हा फुटणारा ऊस, म्हणजे खोडवा, जोमात येतो. हे सगळं शेतकऱ्याला माहीत असतं. मी सांगायला लागलो की तो माझ्या आधी वाक्य पूर्ण करतो. आणि संध्याकाळी पेटवतो.

त्या हंगामात आमच्या एम.डी. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"एक वस्ती अशी करा, जिथे पाचट पेटणार नाही. समाजातल्या सर्व घटकांना सहभागी करून घ्या."

"सर्व म्हणजे कोण कोण, साहेब?"

"सर्व म्हणजे सर्व. आणि फोटो पाठवा."

मी कामाला लागलो. कॉलेजात नाटकात कामं केली होती, त्यामुळे लोकांसमोर हात पसरायला मला लाज वाटत नाही. शाळेत गेलो. हेडमास्तर म्हणाले, "आम्ही घोषणा देऊ." बचत गटाच्या शांताकाकू म्हणाल्या, "शपथ घिऊ की. शपथा लई झाल्यात, त्यात आनि एक." वस्तीवरच्या महाराजांनी कीर्तनात विषय बसवून द्यायचं कबूल केलं. ते कीर्तनात मोबाइलचा रिचार्जही बसवतात, त्यामुळे मला काळजी नव्हती. तरुण मंडळाने तर विचारायच्या आधीच फ्लेक्स लावला. 'पर्यावरण वाचवा' असा तो भलामोठा प्लॅस्टिकचा फ्लेक्स. त्यावर मंडळाच्या सगळ्या सभासदांचे गॉगल लावलेले फोटो आणि खाली कोपऱ्यात, उरलेल्या जागेत, पृथ्वी. किराणा दुकानदाराने जाहीर पाठिंबा दिला आणि तो देता देता एका गिऱ्हाइकाला काडीपेटी दिली.

पाठिंबा सगळ्यांचा होता. रान मात्र तात्यांचं होतं.

तात्या म्हणजे वस्तीचं घड्याळ. तात्यांनी बेणं बदललं की वस्ती बदलते. तात्यांनी पाणी दिलं की शेजारच्या मोटारी सुरू होतात. त्यांचं रान रस्त्याला लागून, आणि त्या रानाचा त्यांना कोण अभिमान! "माझं रान तळहातावानी असतंय," असं म्हणून ते आपला तळहात पुढे करत. तळहातावर भेगा होत्या, पण रानात काडी नव्हती. अशा माणसाला मी पाचट ठेवायला सांगत होतो. कारखान्याच्या चेअरमनसाहेबांचं नाव पुढे केलं तेव्हा कुठे ते तयार झाले. ऊस तुटला, पाचट पडलं, आणि कुट्टी करायचं यंत्र रविवारी आणायचं ठरलं. सगळ्या घटकांना मी दहाची वेळ दिली. कुट्टी होईल, शपथ होईल, फोटो निघेल.

रविवारी सकाळी, माझा पहिला चहा व्हायच्या आत, चिटबॉयचा फोन आला. कारखान्यात उसाच्या नोंदी ठेवणाऱ्याला चिटबॉय म्हणतात. आमचे चिटबॉय दत्तूराव यांना दोन नातवंडं आहेत, पण हुद्दा बॉयचाच.

"सायेब, लवकर या. तात्या रान पेटवाय निघाल्यात."

"का?"

"सागरला बघाय पावणे येत्यात. पिंपळीचं."

मला सगळं कळलं. सागर म्हणजे तात्यांचा नातू. शिकलेला, निर्व्यसनी, कष्टाळू. दोष एकच, शेती करतो. हल्ली आमच्याकडे जमिनीला भाव आहे, उसाला भाव आहे, शेती करणाऱ्या नवऱ्या मुलाला नाही. दोन स्थळं येऊन गेली होती. तिसरं पिंपळीचं. मुलगी स्नेहल, बारामतीत लॅबमध्ये नोकरीला. मुलामुलीची पसंती झाली होती. घर आणि रान बघायचं राहिलं होतं, आणि ते बघणार होत्या मुलीच्या आत्याबाई. त्यांची ख्याती अशी की एका ठिकाणी गोठ्यात शेण दिसलं म्हणून त्यांनी सोयरीक मोडली होती. गोठ्यात दुसरं काय दिसणार, हे विचारायची त्या घरात कुणाची हिंमत झाली नाही.

मी जीप काढली आणि वाटेतून सगळ्या घटकांना फोन केले. दहा नाही, आत्ता या. असेल तसे या.

तर असा मी बांधावर उभा होतो.

"तात्या, तुम्ही शब्द दिला होता."

"दिला व्हता. तवा पावणं ठरलं नव्हतं." तात्यांनी पाचटाकडे हात केला. "त्या आत्याबाईनं गाडीतनं ह्ये बघितलं तर काय म्हनंल? म्हनंल, ज्यास्नी रान झाडाय उरकंना, ती मानसं आमच्या पोरीला काय सांबाळनार? सागरचं वय थांबतंय व्हय सायेब? पाचट फुडच्या सालीबी येतंय. पोरगी येती का?"

माझ्याकडे जमिनीतल्या सेंद्रिय कर्बाचं उत्तर होतं. आत्याबाईंचं नव्हतं.

तात्यांनी काडी बाहेर काढली. मी माझं शेवटचं शस्त्र काढलं.

"तात्या, सकाळपासून चहा नाही घेतला हो."

तात्यांचा हात थांबला. दारात आलेल्या माणसाला बिनचहाचं ठेवून रान पेटवायचं, हे त्यांच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. त्यांनी काडी पेटीत घातली, पेटी कोपरीच्या खिशात घातली आणि घराकडे तोंड करून ओरडले, "सायबाला च्या टाका गं!"

तो चहा मी इतका सावकाश प्यायलो की त्यावर दुसऱ्यांदा साय आली. कप संपता संपता शाळेचा ढोल ऐकू आला.

आता एक धंद्यातलं गुपित सांगतो. शेतकी अधिकाऱ्याच्या जीपमध्ये मातीच्या नमुन्याची पिशवी असो वा नसो, शाल-नारळाची असतेच. कुठे, कधी, कुणाचा सत्कार करावा लागेल सांगता येत नाही. आपल्याकडे माणसाने काम केलं की मग त्याचा सत्कार करतात. जीपकडे धावता धावता माझ्या डोक्यात आलं, की हा क्रम कुणी ठरवलाय?

पोरं, मास्तर, बचत गट, महाराज आणि मंडळ असा सगळा समाज रानाच्या कडेला जमला. मी बांधावर चढलो आणि राज्य नाट्यस्पर्धेत लावला नव्हता असा आवाज लावला.

"बंधूंनो आणि भगिनींनो! या वस्तीत पाचट न जाळण्याचा मान पहिल्यांदा मिळवणारे शेतकरी, आदरणीय तात्या, यांचा आपण सत्कार करतो आहोत!"

टाळ्या. ढोल. मी तात्यांच्या खांद्यावर शाल टाकली.

"सायेब, ह्ये काय चाललंय?" तात्या ओठ न हलवता म्हणाले.

"सत्कार."

"कशाचा?"

"पाचट न जाळल्याचा."

"आवं, पर म्या आत्ता..."

"फोटोकडे बघा, तात्या."

तात्यांनी फोटोकडे बघितलं. दुसऱ्यांच्या सत्कारात ते जन्मभर सतरंजीवर बसून टाळ्या वाजवत आले होते. स्वतःच्या अंगावर शाल पहिल्यांदाच पडत होती. त्यांची मान हळूहळू ताठ झाली. महाराजांनी नारळ दिला. शांताकाकूंनी ओवाळलं आणि त्याच हाताने सगळ्या बायकांना शपथ देऊन टाकली.

आणि तेवढ्यात रस्त्यावर एक जीप थांबली. पाहुणे वेळेच्या आधी आले होते.

मागून स्नेहल आणि तिचे वडील उतरले, पण सगळ्यांत आधी आत्याबाई. नऊवारी, हातात छत्री, चेहऱ्यावर तपासणी. गर्दी बघून थबकल्या.

"एवढी मानसं का जमल्यात? कुनाचं काय झालं का?"

"न्हाय न्हाय," दत्तूराव घाईने म्हणाले. "तात्यांचा सत्कार हाय."

आत्याबाईंनी मान हलवली. मग त्यांची नजर शालीवरून खाली उतरली आणि रानभर फिरली.

"आनि ह्ये रान असं का ठिवलंय?"

ढोल थांबला. मास्तर महाराजांकडे बघायला लागले, महाराज आभाळाकडे. सागर घरातून पाहुण्यांसाठी पाण्याचा तांब्या घेऊन आला होता, तो अर्ध्या वाटेत उभा राहिला. मी तोंड उघडलं, पण तात्यांनी मला हाताने मागे सारलं.

"असं म्हंजी कसं, आत्याबाई? ह्ये पाचट न्हाय. ह्ये माझ्या रानाचं पांघरून हाय."

आणि तात्या सुरू झाले. वाकून त्यांनी पाचट बाजूला केलं, आत्याबाईंचा हात धरून खालच्या ओल्या मातीला लावला. खत, ओल, जमिनीतला जीव, धूर, रस्त्यावरच्या गाड्या. माझं दोन महिन्यांचं भाषण, मधल्या माझ्या खोकल्यासकट. मी पाठ केलं नव्हतं इतकं तात्यांचं पाठ होतं. बोलून बोलून घाम आला तेव्हा त्यांनी रुमालासाठी कोपरीच्या खिशात हात घातला.

रुमालाबरोबर काडीपेटी बाहेर आली आणि बरोबर आत्याबाईंच्या पायाशी पडली.

सगळा समाज, सर्व घटकांसह, त्या काडीपेटीकडे बघत होता.

तात्या शांतपणे वाकले. पेटी उचलली, झटकली आणि माझ्या हातात दिली.

"सायेब, तुमची पडली बघा."

मी पेटी घेतली. आजवरच्या माझ्या सगळ्या भूमिकांत ही सगळ्यात अवघड होती, आणि तिला तालीम नव्हती.

"बिड्या वढता?" आत्याबाईंनी मला विचारलं.

"हो."

"कवापास्नं?"

"आत्ताच सुरू केली."

"रानाच्या धुराचं लोकास्नी शिकिवता आनि सोताच्या छातीत धूर? शिकल्यालं न्हवं तुमी?"

मी मान खाली घातली. मागे दत्तूरावांना हसण्याने उचकी लागली होती.

स्नेहल पुढे आली. "आत्या, त्यांचं राहू दे. आपल्याकडे गेल्या आठवड्यात पेटवलं तेव्हा तुझ्या कुरडयांचं काय झालं?"

मुलीचे वडील आपल्या बुटांकडे बघायला लागले. ते पाचट त्यांनीच पेटवलं होतं.

"काय व्हनार? काळ्या झाल्या," आत्याबाई भावाकडे बघत म्हणाल्या. "दोन पाट्या कुरडया. कुत्र्यानं तोंड लावलं न्हाय." मग पुन्हा तात्यांकडे वळल्या. "म्हंजी हितं धूर न्हाय व्हनार?"

"अजाबात न्हाय," तात्या म्हणाले आणि शाल सावरली.

"मग अंगनात वाळवान घालता येतंय." त्यांनी छत्री मिटली. "चला, घर बघू."

सोयरीक कुरडयांवर ठरली. जमिनीच्या जिवाचं त्यात श्रेय किती, हे मी एम.डी. साहेबांना कळवलेलं नाही. पाहुण्यांसमोरच कुट्टीचं यंत्र फिरलं, खोडवा तात्यांच्या तळहातापेक्षा देखणा आला आणि मुलीच्या वडिलांनी आमच्या यंत्राचा नंबर घेतला.

वस्तीने पुढच्या हंगामात पाचट जाळलं नाही. फक्त प्रत्येकाने तोड झाल्याबरोबर मला फोन केला, "सायेब, आमची शाल?" शालींची मागणी बघून एम.डी. साहेबांनी विचारलं, "एवढ्या कशाला?"

"सर्व घटकांना थंडी वाजते, साहेब," मी म्हणालो.

अपवाद एकच, त्या पठ्ठ्याने शाल घेतली आणि रात्रीत रान पेटवलं. दिलेली शाल परत मागायची आपल्याकडे पद्धत नाही. पण शांताकाकूंनी त्याला 'शालवाले' म्हणून हाक मारायला सुरुवात केली, मग सगळ्या वस्तीने. यंदा त्याने पाचटाची काडीसुद्धा हलवली नाही.

सागरच्या लग्नाला गेलो होतो. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या आणि जेवणाआधी माइकवर माझं नाव पुकारलं गेलं. स्टेजवर गेलो तर समोर आत्याबाई, हातात शाल.

"सायबांनी बिडी सोडली, त्याचा सत्कार!"

मांडवभर टाळ्या. शेजारी तात्या, चेहऱ्यावर एक सुरकुती हलू न देता, सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होते.

"आत्याबाई," मी हळूच म्हणालो, "सोडली की नाही, हे तुम्हाला काय माहीत?"

"नसंल सोडली तर आता सोडशीला," त्या म्हणाल्या आणि शालीचं टोक नीट केलं. "फोटोकडं बघा."

मी जन्मात बिडी ओढलेली नाही. तरी तेव्हापासून त्या भागात पानटपरीपाशी उभं राहायची मला चोरी झाली आहे. सत्कार आधी केला की माणूस कसा बांधला जातो, हे मी लोकांवर आजमावत होतो. आता अंगावर घेऊन हिंडतो आहे.